इंग्रजांचे आप्तेष्ट

कॉलेजांत असतांना आम्हीं सॅम्युएल रिचर्डसनची ‘क्लॅरिसा’ ही कादंबरी हातीं घेतली, ती तिच्या आकाराचें भय एकदां मोडावें या ईर्ष्येनें. १७४७-४८ सालीं सात भागांत प्रसिद्ध झालेली ही पत्ररूप कादंबरी इंग्रजी भाषेंतील अतिदीर्घ कादंबऱ्यांपैकीं एक आहे. कथानक मात्र चार ओळींत सांगून होण्यासारखें आहे. क्लॅरिसा हार्लो ही एका सधन घरांतील सुशील मुलगी. सोल्म्स नांवाच्या एका कृपण व कुरूप श्रीमंताशीं तिनें लग्न करावें असा घरच्यांचा हट्ट. ती नकार देते. तिला खोलींत कोंडण्यांत येतें. शेवटीं लव्हलेस नांवाच्या एका विलासी तरुणाच्या कपटास बळी पडून ती घराबाहेर पडते, आणि विटंबना व दुःख भोगून मरण पावते. हें सारें वाचीत असतां एक गोष्ट आम्हांस सारखी खटकत होती. ही मुलगी आपल्या ‘फ्रेंड्स’विषयीं पानोपानीं लिहिते. फ्रेंड्सची संमति नाहीं, फ्रेंड्सची आज्ञा आहे, फ्रेंड्स रागावले आहेत. आमच्या मनांत येई कीं, हे कसले मित्र! मैत्रीण म्हणावी अशी तिला एकच, ॲना हाउ. ती तर बिचारी पत्रांमागून पत्रें लिहून तिची बाजू घेत असते. मग हे बाकीचे निष्ठुर मित्र कोण? कादंबरीचा बराच भाग संपल्यावर आमच्या डोक्यांत प्रकाश पडला कीं, हे मित्र म्हणजे तिचा बाप, आई, भाऊ, बहीण आणि दोन चुलते हेच होत!

ही चूक आमच्या अज्ञानाची म्हणून सोडून देतां आली असती. परंतु ती आमची एकट्याची नव्हती. ‘फ्रेंड’ म्हणजे मित्र हें समीकरण आमच्याकडील मुलें इंग्रजी मुळाक्षरांबरोबरच पाठ करतात. पुढें बेकनचा १६२५ सालच्या आवृत्तींतील मैत्रीवरील निबंध वाचून तें समीकरण अधिकच पक्कें होतें. आणि त्यांतून एक मोठा समज आपोआप तयार होतो. तो असा कीं, इंग्रज हा पूर्वीपासून एकटा जीव. त्याला नात्यागोत्याचें ओझें नाहीं, चुलत्या-मामाचा धाक नाहीं, तो आपले मित्र आपण निवडतो आणि लग्नही आपलें आपणच ठरवितो. उलट आपण मात्र आप्तांच्या गर्दींत जन्मतों आणि त्याच गर्दींत मरतों. याच समजावर कोणी इंग्रजांची स्तुति करतो, कोणी निंदा करतो. परंतु अठराव्या शतकांतील इंग्लंडाविषयीं हा समज खरा नाहीं, आणि तो खरा नसल्याचा पुरावा त्या लोकांच्या नात्यांच्या आणि स्नेहाच्या शब्दांतच सांठविलेला आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम ‘फ्रेंड’ हाच शब्द घेऊं. जुन्या इंग्रजींत त्याचें रूप ‘फ्रेओंद’ असें होतें, व तें ‘प्रेम करणें’ या अर्थाच्या धातूचें वर्तमानकालवाचक धातुसाधित होय. म्हणजे शब्दशः अर्थ ‘प्रेम करणारा’. याच रीतीनें ‘द्वेष करणें’ या धातूपासून ‘फेओंद’, म्हणजे आजचा ‘फीण्ड’ हा सैतानवाचक शब्द झाला. ‘फ्रेंड’चा मूळ धातु आपल्यास परका नाहीं, संस्कृतांतील ‘प्री’ धातु आणि ‘प्रिय’ हा शब्द त्याचेच सहोदर आहेत. विशेष हें कीं, स्वतंत्र या अर्थाचा ‘फ्री’ हा शब्दही याच कुळांतला. घरांत दोन प्रकारचीं माणसें असत: एक रक्ताचीं, म्हणून प्रिय, दुसरीं विकत घेतलेलीं किंवा जिंकून आणलेलीं. जे प्रिय तेच स्वतंत्र, बाकीचे दास. यावरून ‘प्रिय’ याचा अर्थ ‘बंधमुक्त’ असा झाला. (शुक्रवारास ‘फ्रायडे’ हें नांव ज्या फ्रिग देवतेवरून पडलें तिचें नांवही याच धातूवरून आलेलें आहे.) तेव्हां मुळापासूनच ‘फ्रेंड’ या शब्दांत घर आणि रक्त हीं दोन्हीं होतीं. इंग्रजीची बहीण जी आइसलंडची भाषा तिच्यांत याच शब्दाचा भाऊ ‘फ्रेन्डी’ आजही नातेवाईक या अर्थानेंच वापरला जातो.

अठराव्या शतकांत हा अर्थ किती जिवंत होता हें नेओमी टॅडमोर या विदुषीनें २००१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत फार बारकाईनें दाखविलें आहे. तिच्या आधारांपैकीं एक टॉमस टर्नर या दुकानदाराची रोजनिशी आहे. हा ससेक्स परगण्यांतील ईस्ट होथ्ली या खेड्यांत दुकान चालवी, आणि १७५४ पासून १७६५ पर्यंत त्यानें आपला दिनक्रम लिहून ठेविला आहे. त्याच्या लेखीं आई व भाऊ हे फ्रेंड, बायको ही फ्रेंड, ज्याच्याशीं मालाची उधार-उसनवार चालते तो व्यापारी फ्रेंड, शेजारी फ्रेंड. गांवाजवळच हॅलंड येथें न्यूकॅसलच्या ड्यूकाचा वाडा होता. निवडणुकींत ड्यूकाच्या बाजूनें उभे राहणारे ते त्याचे फ्रेंड्स. ज्याचा वेळप्रसंगीं आधार मिळेल, आणि ज्याला वेळप्रसंगीं आपण आधार देऊं, तो फ्रेंड. मग तें नातें रक्ताचें असो, पैशाचें असो वा मताचें असो. मन जुळणें ही त्यांतील एक गोष्ट होती, एकमेव नव्हे.

या अर्थाला मराठींत शब्द हुडकावयास दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्या लग्नपत्रिकांवर तो पिढ्यानपिढ्या छापला जात आहे: आप्तेष्ट. आप्त आणि इष्ट, दोघांची एकच मोट. कोण आप्त आणि कोण इष्ट याची फोड पत्रिका घेणाराही करीत नाहीं, देणाराही करीत नाहीं. क्लॅरिसाचे ‘फ्रेंड्स’ हे तिचे आप्तेष्ट. हा एक शब्द मनांत धरून ती कादंबरी पुन्हां वाचली म्हणजे तिचा सारा रंग पालटतो. मित्रांचें ऐकलें नाहीं तर मित्र तुटतात, एवढेंच. परंतु आप्तेष्टांचें ऐकलें नाहीं तर मुलीला उभें राहण्यास जागाच उरत नाहीं. आणि क्लॅरिसेचें मरण हें त्या जागा नसण्याचें मरण आहे. रिचर्डसनच्या वेळच्या वाचकांना हें सांगावें लागलें नाहीं, कारण त्यांच्यापैकीं प्रत्येकाच्या घरीं लग्नाच्या वेळीं ‘फ्रेंड्स’ची संमति ही खरीखुरी बाब होती. कादंबरी पुरी झाल्यावर पांच वर्षांनीं, १७५३ सालीं, लॉर्ड हार्डविकनें केलेल्या विवाहाच्या कायद्यानें तर एकवीस वर्षांच्या आंतील वधूवरांस परवान्यानें लग्न करावयाचें असल्यास बापाची किंवा पालकाची संमति अवश्य ठरविली. हें सर्व वाचून आमच्याकडील कोणाही वडीलधाऱ्यास घरच्यासारखेंच वाटेल.

‘फॅमिली’ या शब्दाचीही तीच कथा. जॉन्सननें १७५५ च्या आपल्या कोशांत त्याचा पहिला अर्थ दिला आहे तो एका घरांत राहणारीं माणसें असा आहे. त्यांत चाकर, उमेदवार, मोलकरीण सर्व आलीं. सॅम्युएल पीप्सनें १६६० सालीं रोजनिशी सुरू केली तेव्हां आपल्या ‘फॅमिली’त माणसें तीन असें त्यानें नमूद केलें: तो स्वतः, त्याची पत्नी, आणि जेन नांवाची मोलकरीण. मूळ लॅटिन शब्द तर नोकर या अर्थाच्या ‘फाम्युलस’पासून निघाला आहे; म्हणजे आरंभीं फॅमिली ही चाकरांची, धनी बाहेरचाच! आपण हंसूं नये. आपल्याकडे ‘कुटुंब’ या भारदस्त शब्दाचा अर्थ आक्रसत आक्रसत एका बायकोवर येऊन ठेपला होता, आणि ‘आमची मंडळी माहेरीं गेली आहेत’ असें म्हणणाऱ्या गृहस्थाच्या घरांतून एकच बाई गेलेली असे.

एकोणिसाव्या शतकांत ‘फ्रेंड’चा नातेवाईक हा अर्थ मागें पडत गेला. स्कॉटलंडांत व खेड्यापाड्यांच्या बोलींत तो टिकला. वेड्यांच्या इस्पितळांच्या कागदपत्रांत रोग्याच्या नातेवाईकांना बरेच दिवस ‘फ्रेंड्स’च म्हणत. आणि एके ठिकाणीं तो अद्याप आहे, तें ठिकाण वाचकांच्या जवळचेंच आहे. आपल्या १९०८ च्या दिवाणी व्यवहारसंहितेप्रमाणें अज्ञान मुलाच्या वतीनें जो कोणी दावा लावतो त्याला ‘नेक्स्ट फ्रेंड’ म्हणतात. हा बहुधा मुलाचा बाप, आई किंवा चुलता असतो. बापाला कोर्टानें मित्र कां म्हणावें, असा प्रश्न पुष्कळ पक्षकारांना पडत असेल. येथें ‘नेक्स्ट’ म्हणजे नंतरचा नव्हे, निकटचा. आणि ‘फ्रेंड’ म्हणजे तोच क्लॅरिसेच्या काळचा आप्त. इंग्लंडांतील घरांतून गेलेला अर्थ पुण्याच्या व नगरच्या कोर्टांतील फायलींत राहिला आहे.

आतां दुसरी बाजू. आप्तेष्टांना एकत्र बांधणारा असा शब्द ज्या भाषेंत होता, तिच्यांत एकेका आप्ताला वेगळें नांव कां नसावें? इंग्रजीवर आपला नेहमींचा आरोप असा कीं, काका, मामा, मावसा आणि आत्याचे यजमान या चौघांना ‘अंकल’ या एका गोणींत भरणारी ही भाषा नात्यांच्या बाबतींत दरिद्री आहे. मोल्सवर्थ व कँडी यांच्या कोशांचीं पानें उलटणाऱ्यास हें सहज दिसतें कीं, आपल्या एका लहानशा शब्दासाठीं इंग्रजीस दोन-दोन, तीन-तीन शब्दांची शिडी लावावी लागते. आरोप खरा आहे. पण हें दारिद्र्य जन्माचें नाहीं. जुन्या इंग्रजींत बापाचा भाऊ तो ‘फॅदेरा’ आणि आईचा भाऊ तो ‘एआम’. बापाची बहीण ‘फाथु’ आणि आईची बहीण ‘मोद्रिये’. म्हणजे काका, मामा, आत्या, मावशी हीं चारही नातीं चार वेगळ्या नांवांनीं नांदत होतीं. त्यांतही मामाचा मान मोठा. रोमन इतिहासकार टॅसिटस यानें इ. स. ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांचें वर्णन करतांना लिहिलें आहे कीं, त्या लोकांत भाच्याला मामाच्या घरीं बापाच्या घराइतकाच मान असे. ९९१ सालीं मॉल्डन येथें डेन लोकांशीं लढतांना सरदार बिर्थनोथ पडला. त्या लढाईवरील जुन्या काव्यांत, त्याच्या बाजूनें लढतांना मारला गेलेला वुल्फमेर हा त्याच्या बहिणीचा मुलगा होता असें कवीनें मुद्दाम नमूद केलें आहे. भाचा मामासाठीं पडला, ही गोष्ट त्या श्रोत्यांस सांगण्याजोगी वाटत होती.

पुढें १०६६ सालीं नॉर्मन आले, त्यांची फ्रेंच भाषा दरबारांत व वाड्यांत बसली, आणि दोनतीन शतकांत हे चारही शब्द गेले. त्यांच्या जागीं ‘अंकल’ आणि ‘आँट’ आले. आतां गंमत पाहा. ‘अंकल’ हा लॅटिन ‘आवुंकुलुस’वरून आला, त्याचा अर्थ केवळ मामा. काकाला लॅटिनांत ‘पात्रुउस’ असा निराळा शब्द होता. ‘आँट’ हा ‘आमिता’वरून आला, त्याचा अर्थ केवळ आत्या. मावशीला ‘मातेर्तेरा’ हें नांव होतें. आणि ‘कझिन’ ज्या ‘कोन्सोब्रिनुस’वरून आला, त्याचा मूळ अर्थ मावसभाऊ. तेव्हां आजचा इंग्रज आपल्या काकाला मामा म्हणतो, मावशीला आत्या म्हणतो, आणि जगांतील यच्चयावत् चुलत, आते व मामे भावंडांना मावसभाऊ म्हणतो. आणि आपल्याकडील इंग्रजी शाळेंतलीं मुलें शेजारच्या सभ्य गृहस्थास ‘अंकल’ म्हणून हाक मारतात तेव्हां न कळत त्याला मामा बनवितात! जुन्या ‘एआम’ची खूण आतां ‘ईम्स’ या आडनांवांत तेवढी उरली आहे.

शेक्सपिअरच्या वेळीं ‘कझिन’ तर इतका सैल झाला होता कीं, क्लॉडियस राजा हॅम्लेटला, म्हणजे स्वतःच्या पुतण्याला, ‘कझिन’ म्हणतो. आगरकरांनीं १८८३ सालीं ‘विकारविलसित’ लिहून हें नाटक मराठींत आणलें तेव्हांपासून प्रत्येक मराठी भाषांतरकाराला अशा ठिकाणीं थांबून वंशावळ काढावी लागली असेल. चरित्रकारांचीही तीच अडचण. चार्ल्स डार्विननें १८३९ सालीं आपल्या ‘कझिन’शीं, एमा वेजवूडशीं, लग्न केलें, असें सर्व पुस्तकांत असतें. वंशावळ पाहतां एमाचा बाप हा डार्विनच्या आईचा सख्खा भाऊ. म्हणजे त्यानें देशस्थी थाटानें मामाची मुलगी केली! पुढील वर्षीं राणी व्हिक्टोरियानें केलेला आल्बर्ट हाही तिचा मामेभाऊच. इंग्रजी चरित्रकारास हा भेद सांगावा असें वाटत नाहीं, कारण त्यांच्याकडे आठव्या हेन्रीच्या १५४० च्या कायद्यानंतर कोणत्याही चुलत-मामे भावंडांच्या लग्नास आडकाठीच राहिली नाहीं. जेथें विधिनिषेध नाहीं तेथें शब्दाची धार टिकत नाहीं. आपल्याकडे मामेबहीण चालते आणि चुलतबहीण चालत नाहीं, अशीं घराणीं होतीं व आहेत. म्हणून आपल्याला दोन शब्द लागतात. इरावती कर्वे यांनीं १९५३ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत हिंदुस्थानांतील आप्तसंबंधांची जी पाहणी केली आहे ती वाचणारास प्रांताप्रांतांतून हेंच दिसेल.

उलट, जेथें निषेध कडक होता तेथें इंग्रजी शब्दाची धार इतकी तीक्ष्ण झाली कीं तिनें माणसें कापलीं. तो शब्द म्हणजे ‘सिस्टर-इन-लॉ’. यांतील ‘लॉ’ म्हणजे सरकारचा कायदा असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो ख्रिस्ती धर्मसंस्थेचा विवाहविषयक निर्बंध आहे. लग्नानें पतिपत्नी एकदेह झालीं, म्हणून पत्नीची बहीण ती धर्मानें आपलीही बहीण. आणि बहीण म्हटल्यावर तिच्याशीं विवाह कसा होणार? सोळाव्या शतकांत आर्चबिशप पार्कर यानें निषिद्ध नात्यांची एक यादी १५६३ सालीं तयार केली. पुरुषास तीस व स्त्रीस तीस नातीं वर्ज्य असलेला हा तक्ता पुढें चर्चच्या भिंतीवर लटकूं लागला. त्यांत पत्नीच्या बहिणीचें नांव आहे. तरी व्यवहारांत अशीं लग्नें होत, आणि कोणी कोर्टांत आव्हान दिलें नाहीं तर तीं टिकतही. जेन ऑस्टेनचा भाऊ चार्ल्स यानें पहिली पत्नी वारल्यावर १८२० सालीं तिच्याच बहिणीशीं लग्न केलें.

१८३५ सालीं लॉर्ड लिंडहर्स्टच्या कायद्यानें पूर्वीचीं अशीं लग्नें कायम केलीं, परंतु यापुढील सर्व मुळांतच रद्द ठरविलीं. येथून खरा त्रास सुरू झाला. इंग्लंडांत त्या काळीं बाळंतपणांत बायका पुष्कळ मरत. मागें राहिलेल्या पोरक्या मुलांकडे पाहण्यास त्यांची मावशी येऊन राही. ‘माय मरो पण मावशी उरो’ ही म्हण इंग्रजींत नाहीं, पण तिच्यांतील अनुभव त्यांच्याही घरोघर होता. मावशीनें मुलांचें केलें, घर सांभाळलें, आणि पुढें घरधन्याशीं तिचें मन जुळलें, तर कायदा म्हणे कीं, ही तुझी बहीण आहे. ज्यांच्यापाशीं पैसा होता ते समुद्र ओलांडून परदेशांत जाऊन लग्न लावीत. चित्रकार होल्मन हंट यानें १८७५ सालीं आपल्या मृत पत्नीच्या बहिणीशीं स्वित्झर्लंडांत लग्न केलें. पण तेणेंही सुटका होतच असे असें नाहीं. ब्रुक नांवाच्या एका गृहस्थानें १८५० सालीं डेन्मार्कच्या हद्दींत केलेलें असेंच लग्न १८६१ सालीं लॉर्डसभेनें शून्य ठरविलें. डेन्मार्कच्या कायद्यानें तें लग्न होतें, इंग्लंडच्या कायद्यानें नव्हतें. लग्नच नाहीं म्हटल्यावर मुलें अनौरस, आणि अनौरस म्हटल्यावर वारसा नाहीं. आईबापांनीं लावलेला प्रपंच त्यांच्या मागें एका शब्दाच्या अर्थावर असा मोडला.

१८४२ पासून हा निर्बंध काढून टाकण्याचें बिल पार्लमेंटांत वरचेवर येऊं लागलें, आणि पासष्ट वर्षें येतच राहिलें. विरोधकांचा युक्तिवाद मोठा विलक्षण होता. ते म्हणत कीं, आज मेहुणी ही बहीण आहे म्हणूनच ती विधुराच्या घरांत निःशंक राहूं शकते. उद्यां कायद्यानें तिला वधू होण्याची मुभा दिलीत, तर तिला तेथें एक रात्रही राहतां येणार नाहीं. शब्द बदलला तर नातें बिघडेल, अशी ही भीति. तिच्यांत कांहींच तथ्य नव्हतें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु तथ्यापेक्षां क्रौर्य अधिक होतें. अखेर १९०७ सालीं कायदा झाला व पत्नीच्या मृत्यूनंतर तिच्या बहिणीशीं विवाह करतां येऊं लागला. मृत भावाच्या विधवेशीं विवाह करण्यास मात्र १९२१ साल उजाडावें लागलें. आपल्याकडे मेहुणीला मेहुणी हा स्वतःचा शब्द आहे. त्यांत ‘बहीण’ नाहीं. बायको मागें मुलें टाकून वारली म्हणजे तिची धाकटी बहीण त्याच घरांत देण्याची चाल आपल्याकडे सर्रास होती. त्या धाकटीला कोणी विचारीत असे कीं नाहीं, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचें उत्तर आपल्यास अभिमान वाटण्यासारखें नाहीं.

या ‘इन-लॉ’ने दुसरीकडे विनोदही केला आहे. डिकन्सच्या ‘पिक्विक पेपर्स’ (१८३६-३७) मध्यें सॅम वेलर हा अविवाहित तरुण आपल्या ‘मदर-इन-लॉ’विषयीं कुरकुर करीत असतो. लग्नाआधीं सासू कोठून आली, म्हणून वाचक बुचकळ्यांत पडतो. ती त्याच्या बापाची दुसरी बायको, म्हणजे सावत्र आई. त्या काळीं तिलाही हाच शब्द लावीत.

‘गॉसिप’ या शब्दाचा अधःपात मात्र मनास लागणारा आहे. मूळ शब्द ‘गॉडसिब्’: देवाच्या साक्षीनें झालेला आप्त, म्हणजे बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळीं त्याची धर्माची जबाबदारी घेणारा. हें नातें इतकें खरें मानीत कीं, त्यामुळें विवाहासही प्रतिबंध होई. पुढें त्याचा अर्थ जिवलग स्नेही असा झाला. मग बाळंतिणीच्या खोलींत मदतीस जमणाऱ्या बायका त्या ‘गॉसिप’ झाल्या. आणि त्या खोलींत पुरुषांस मज्जाव असल्यामुळें, आंत काय बोलणें चालतें याविषयीं बाहेर बसलेल्यांनीं जी कल्पना केली तिच्यांतून आजचा ‘कुटाळकी’ हा अर्थ जन्मास आला असावा, असें आम्हांस वाटतें. फ्रेंच भाषेंतही धर्ममातेचा वाचक ‘कोमेर’ हा शब्द याच वाटेनें घसरला. त्यांतील ‘सिब्’ म्हणजे आप्त. त्यापासून झालेला ‘सिब्लिंग’ हा जुना शब्द शतकानुशतकें मेलेला होता. १९०३ सालीं कार्ल पिअर्सन या गणितज्ञानें आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठीं तो उकरून काढला, कारण भाऊ कीं बहीण हें न सांगतां ‘भावंड’ म्हणावयास इंग्रजींत शब्दच नव्हता. आपल्या घरांतलें शेंबडें पोरही जो शब्द रोज वापरतें त्याच्यासाठीं त्यांना शास्त्रज्ञ बोलवावा लागला!

स्नेहाचे बाकीचे शब्द बहुतेक ताटांतून किंवा तिजोरींतून आले आहेत. ‘कंपॅनियन’ म्हणजे एका भाकरींत वाटेकरी. ‘मेट’ म्हणजे एका अन्नांत वाटेकरी. ‘कॉम्रेड’ म्हणजे एका खोलींत राहणारा. क्रांतिकारकांनीं वापरून वापरून या शेवटच्या शब्दाचा रंग लाल केला, परंतु मुळांत तो स्पॅनिश शिपायांच्या बिऱ्हाडांतला आहे. ‘फेलो’ हा डेन लोकांनीं आणलेला शब्द. त्याचा पहिला अवयव आपल्या ‘पशु’ शब्दाचा सगोत्र आहे. गुरेंढोरें हेंच धन असतांना जे दोघे आपलें धन एकत्र ठेवीत ते ‘फेलो’, म्हणजे भागीदार. आपल्या विद्यापीठांतील ‘फेलो’ मंडळींपैकीं किती जणांना हें मान्य होईल, कोण जाणे.

आणि ‘पार्टनर’. आजच्या इंग्लंडांत, विवाहित असोत वा नसोत, एकत्र संसार करणारीं दोन माणसें एकमेकांस हाच शब्द लावतात. पतिपत्नीवाचक जुने शब्द ज्यांना जड वाटतात त्यांनीं तो पसंत केला आहे. हा दुकानदारी शब्द प्रेमाच्या व्यवहारांत कसा शिरला, म्हणून कांहीं लोक नाक मुरडतात. परंतु दुकानाच्याही आधीं तो घरांत होता. ‘पार्टनर’ हें ‘पार्सनर’ या जुन्या कायदेशीर शब्दाचें बदललेलें रूप होय, आणि ‘पार्सनर’ म्हणजे वडिलार्जित मिळकतींतील सहवारस. म्हणजे पुन्हां आप्तच. त्यालाच ‘को’ हा उपसर्ग लागून झालेला ‘कोपार्सनर’ हा शब्द इंग्रज न्यायाधीशांनीं आपल्या एकत्र हिंदु कुटुंबांतील दायादांस लावला, आणि तेव्हांपासून तो आपल्या वाटणीच्या दाव्यांत ठाण मांडून बसला आहे. अनेक शतकें एकमेकांपासून दूर राहिलेले हे दोन सख्खे शब्द एकाच सालीं पुन्हां कायद्यांत समोरासमोर आले. २००५ च्या सप्टेंबरांत हिंदु वारसा कायद्याची दुरुस्ती अमलांत येऊन मुलगी ही जन्मतः मुलाच्या बरोबरीनें ‘कोपार्सनर’ झाली. आणि त्याच सालच्या डिसेंबरांत इंग्लंडांत, आदल्या वर्षीं पास झालेल्या कायद्यान्वयें, ज्यांच्या नात्याला तोंवर कायद्यांत नांवच नव्हतें अशा समलिंगी जोडप्यांची ‘पार्टनर’ म्हणून सरकारी दप्तरांत प्रथम नोंद झाली.